घरची कुल्फी बर्फाळ का होते, आणि मलईदार कशी करायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मे महिन्यात ठाण्याला तुमच्याकडे वीस माणसं जेवायला आहेत आणि त्यांना घरची कुल्फी द्यायची आहे. आजवर दोनदा करून पाहिलीत. पहिल्यांदा पिशवीचं एक लिटर फुल क्रीम दूध अर्धा तास उकळलंत, कॉर्नफ्लोअर लावलंत, तर दाताखाली बर्फाचे खडे आले. दुसऱ्यांदा कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, क्रीमचं २०० मि.ली.चं खोकं आणि पाव लिटर दूध एकत्र करून साच्यात ओतलंत, तर कुल्फी गोडमिट्ट झाली आणि साच्यातून निघता निघता पाघळली. शिवाय हापूसची करायची आहे, माळ्यावर जुना आइस्क्रीमचा पॉट आहे, आणि सासूबाईंना मधुमेह आहे.

मी सांगलीत पंचवीसेक वर्षं लग्नकार्यांना कुल्फी करून देते. शिमगा झाला की जूनचा पाऊस येईपर्यंत आमच्या घरी दूध आटण्याचा वास असतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तुमची तिसरी खेप वाया जाऊ नये एवढी माझी इच्छा आहे.

दोन्ही वेळी चुकला तो पाण्याचा हिशोब. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात. एक लिटर दूध वजनाला साधारण १०३० ग्रॅम भरतं. त्यातला खरा माल १५५ ग्रॅमच्या आसपास, उरलेलं ८७५ ग्रॅम पाणी. अर्ध्या तासात तुमचं दूध फार तर ८०० ग्रॅमवर आलं असेल. वर ८० ग्रॅम साखर धरली, तरी शंभर भागांत ७३ भाग पाणीच राहिलं. तेच दूध ४५० ग्रॅमवर आणून त्यात ७५ ग्रॅम साखर घातली असती, तर शंभरात ५६ भाग पाणी उरलं असतं. या दोन आकड्यांमध्येच तुमचे बर्फाचे खडे आहेत. कॉर्नफ्लोअरने पाणी कमी होत नाही, पिठात अडकून राहतं एवढंच. लिटरला चमचाभर चालेल, पण त्याहून जास्त घातलं की कुल्फी पिठूळ लागते आणि दुधाची चव मागे पडते. मी अजिबात घालत नाही.

दुसऱ्या खेपेचं कारण साखर. कंडेन्स्ड मिल्कच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात वरून घातलेली साखरच १७० ग्रॅमच्या आसपास असते. तुमचं सगळं मिश्रण ८५० ग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा साखर झाली. साखर जितकी जास्त, तितकं पाणी उशिरा गोठतं. म्हणून ती कुल्फी गोडही झाली आणि नरमही राहिली. डबा वापरायचाच असेल तर एक लिटर दूध अर्ध्यावर आणा, त्यात अर्धाच डबा घाला आणि वर चव पाहून दोन-तीन चमचे साखर. क्रीमची गरज पडत नाही.

आइस्क्रीम आणि कुल्फी यांत मोठा फरक हवेचा आहे. आइस्क्रीम गोठताना यंत्र ते घुसळत राहतं. त्यामुळे बर्फाचे कण मोठे होऊ पावत नाहीत आणि आत हवा भरली जाते. आपल्याकडच्या नियमानुसार लिटरभर आइस्क्रीमचं वजन कमीत कमी ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे निम्म्याच्या आसपास हवा चालते. कुल्फीला कुणी घुसळत नाही. लिटरभर कुल्फी किलोच्या वर भरते. म्हणून तिच्यातले बर्फाचे कण बारीक ठेवायला दोनच वाटा उरतात: पाणी चुलीवरच कमी करायचं आणि उरलेलं शक्य तितक्या लवकर गोठवायचं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

दूध शक्यतो म्हशीचं घ्या. गवळ्याकडचं ताजं मिळालं तर उत्तम, नाहीतर फुल क्रीमची पिशवी चांगली. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, ते कितीही आटवलं तरी कुल्फी रुक्ष लागते. गाईचंच दूध असेल तर लिटरचं ४०० ग्रॅमपर्यंत आणा, म्हशीचं ४५० ला थांबवा. गवळ्याच्या दुधाची एक काळजी घ्या. दूध आटतं तसा त्यातला आंबटपणाही दाट होतो. सकाळचं दूध संध्याकाळी आटवायला घेतलंत तर निम्म्यावर आल्यावर फाटू शकतं. मोठ्या पातेल्याला हात घालण्याआधी वाटीभर दूध वेगळं उकळून बघा. फाटेल या भीतीने काहीजण चिमूटभर खायचा सोडा टाकतात. तो टाकू नका. दूध तांबूस होतं आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

आता आटवणं. यात मी तुमचा थोडा वेळ घेणार आहे, कारण कुल्फीची चव इथेच ठरते.

भांडं पसरट आणि जाड बुडाचं हवं. जितकी रुंद कढई तितकी वाफ जास्त. उंच पातेल्यात तेच दूध दीडपट वेळ घेतं. कढई पाण्याने विसळा आणि न पुसता दूध ओता, म्हणजे तळाला चटकन लागत नाही. पहिली उकळी मोठ्या आचेवर, हाताशी राहून. मग आच मध्यम करा, इतकी की दूध सतत खदखदत राहील पण उतू जाणार नाही. फार मंद आचेवर दोन-दोन तास ठेवण्यात फायदा नाही. सराटा सपाट तोंडाचा घ्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी तळ पूर्ण खरवडत फिरवा. तळात बशी उपडी टाकण्याची युक्ती बऱ्याच घरांत असते, पण तिच्यावर विसंबून स्वयंपाकघराबाहेर जाऊ नका. कडेला धरलेली साय खाली ओढून दुधात मिसळत राहा. रबडीला सायीचे मोठे लच्छे हवेत, म्हणून तिथे दूध कमी हलवतात. कुल्फीला साय बारीक होऊन सगळीकडे पसरलेली हवी, म्हणून इथे हात जास्त चालवायचा.

एक लिटर दूध रुंद कढईत पाऊण तास ते पंचावन्न मिनिटं घेतं. वीस माणसांना तीन लिटर लागेल. ते एकाच भांड्यात आटवलंत तर दोन-अडीच तास जातील. दीड-दीड लिटरच्या दोन कढया दोन शेगड्यांवर ठेवा.

आटलं किती हे डोळ्यांनी ठरवू नका. मला हे काम शिकवणारे कारागीर मथुरेकडचे होते. सुरुवातीला ते दुधात दांडा उभा धरून पातळीवर कोळशाची खूण करत आणि पुढे त्या खुणेवरून सांगत. त्यांच्या हाताला ते बरोबर जमायचं. मी तसंच करायला गेले आणि दर वेळी दूध जास्त आटलं. कारण कढई तळाशी निमुळती असते. उंची निम्मी दिसली तेव्हा दूध निम्म्याहून बरंच कमी उरलेलं असतं. तेव्हापासून मी वजन करते. कढई आणि सराटा यांचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा. मध्ये दोनदा काट्यावर ठेवून बघा. तीन लिटरचं १३५० ग्रॅम झालं की थांबायचं. घरी काटा नसेल तर सराट्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच बुजली नाही, कडा थोड्या ओघळल्या, तर झालं. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, त्यामुळे गॅसवरच बासुंदीसारखं घट्ट होण्याची वाट बघू नका.

जास्त आटवलं तर आणखी चांगली होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. लिटरभर दुधात त्याची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते आणि ती गार पाण्यात फारशी विरघळत नाही. पाणी फार कमी झालं की काही दिवसांनी तिचे कण धरतात आणि कुल्फी जिभेवर वाळूसारखी लागते. बर्फाचा खडा तोंडात विरतो, हा विरत नाही, त्यावरून ओळखा. रवाळपणा पेढ्यात छान, कुल्फीत नाही.

दूध खाली लागलंच, तर खरवडू नका. जळका वास आला त्या क्षणी वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. तळ तसाच राहू दे. एकदा खरवडलंत की वेलची, केशर कशानेही तो वास झाकत नाही.

साखर शेवटी घाला. साखर पडली की दूध पुन्हा पातळ दिसतं आणि हिशोब चुकतो, शिवाय तळाला लागायची भीती वाढते. लिटरला ७५ ग्रॅम हे माझं माप. घालून पाच-सात मिनिटं उकळी द्या. कोमट असताना चाखलं तर गोडी किंचित जास्त वाटली पाहिजे, कारण थंडपणात जीभ गोडी कमी ओळखते. साखर फार कमी केलीत तर मात्र कुल्फी दगड होते, चमचा आत जात नाही. गूळ वापरणार असाल तर गॅस बंद करून दूध पार कोमट झाल्यावरच घाला, नाहीतर फाटेल.

गॅस बंद केल्यावर वेलची. केशर असेल तर दोन चमचे गरम दुधात अर्धा तास भिजवून मगच घाला, कोरड्या काड्या रंग सोडत नाहीत. जायफळ मला बासुंदीत आवडतं, कुल्फीत ते बाकी सगळ्यावर चढून बसतं. पिस्ते गरम पाण्यात बुडवून, सालं काढून बारीक कापा आणि मिश्रण पूर्ण गार व दाट झाल्यावर घाला. गरम पातळ दुधात घातलेले काप साच्याच्या टोकाशी जाऊन बसतात.

यानंतरचा टप्पा घरी हमखास गाळला जातो. कढई गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि साय धरू नये म्हणून अधूनमधून हलवत राहा. वाफ गेली की झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात. सात-आठ तासांत दुधातला स्निग्धांश आवळून येतो, प्रथिनं पाणी धरून ठेवतात आणि मिश्रण एकजीव होतं. शिवाय आधीच गार असलेलं मिश्रण फ्रीजरमध्ये लवकर गोठतं. मे महिन्यात आटवलेलं दूध ओट्यावर तासन्‌तास उघडं ठेवणं धोक्याचंही आहे. मिक्सरमधून मात्र फिरवू नका. गार दाट दूध मिक्सरमध्ये फिरलं की लोणी सुटायला लागतं आणि टाळूला तूप चिकटल्यासारखं वाटतं.

साचे अॅल्युमिनियमचे, झाकणाचे, निमुळते, ६० मि.ली.च्या आसपासचे घ्या. धातूतून थंडी लवकर आत जाते, प्लॅस्टिकमधून उशिरा. मातीचं मटकं दिसायला देखणं, पण सगळ्यात सावकाश गोठतं आणि दुधातलं पाणी शोषून घेतं. मटकीच हवी असतील तर तासभर पाण्यात भिजवून, पुसून, फ्रीजरमध्ये गार करून मग भरा. साचे नसतील तर स्टीलच्या छोट्या वाट्या आणि वर फॉइल हेही चालतं. एकच मोठा डबा भरून नंतर काप करण्याचा मोह टाळा. मधला भाग रात्रभर हळूहळू गोठतो आणि तिथेच खडे धरतात. साचा काठोकाठ भरू नका, बोटाच्या पेराएवढी जागा ठेवा, कारण पाणी गोठताना फुगतं. काडी लावायची असेल तर दीड तासाने, मिश्रण धरू लागल्यावर.

फ्रीजर आदल्या रात्रीच सगळ्यात थंड आकड्यावर करा. साचे थेट फ्रीजरच्या तळाला किंवा गार केलेल्या स्टीलच्या ताटात टेकवा, एकमेकांना चिकटवू नका. पहिले सहा तास दार उघडू नका. मुलांना हे दोनदा सांगावं लागतं. आतला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये तापमान खाली-वर होत राहतं, म्हणून साचे दारापासून लांब, अगदी मागे ठेवा आणि झाकणं घट्ट लावा. उन्हाळ्यात वीज जाते. आमच्याकडे अजूनही जाते. मिठाचं पाणी भरून गोठवलेल्या दोन-तीन प्लॅस्टिकच्या बाटल्या साच्यांच्या बाजूला कायम ठेवा. वीज गेल्यावर त्या थंडी धरून ठेवतात. एकदा नरम पडून पुन्हा गोठलेल्या कुल्फीत आधीचे बारीक कण मोठे होतात, मग तिला काही इलाज नसतो.

घरच्या फ्रीजरपेक्षा चांगला मार्ग आहे आणि तो जुनाच आहे: बर्फ आणि मीठ. तीन भाग कुटलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. मीठ लागलं की बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता खेचतो आणि खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. या मिश्रणाची शेवटची हद्द उणे २१ अंश सेल्सिअस. घरच्या बादलीत तितकं साधत नाही, पण कुल्फीला पुरेसं होतं. तुम्ही म्हणाल, फ्रीजरही उणे १८ असतो, मग फरक काय? फ्रीजरमध्ये साच्याभोवती हवा असते, बादलीत खारं पाणी असतं. चहाचा कप नुसता ओट्यावर ठेवला तर किती वेळाने निवतो आणि पाण्याच्या परातीत ठेवला तर किती, ते आठवा. फ्रीजरला पाच-सहा तास लागतात, तिथे बादलीत तासाभरात कुल्फी धरते. आणि लवकर गोठली म्हणजे कण बारीक. रात्री फिरणाऱ्या मटका कुल्फीवाल्यांच्या लाल कापडाच्या माठात हेच चाललेलं असतं.

पद्धत अशी. मोठ्या बादलीत किंवा माठात बर्फ-मिठाचा एक थर, त्यावर साचे उभे, भोवती आणि वर पुन्हा बर्फ-मीठ, आणि सगळ्यावर जाड पोतं. दर दहा मिनिटांनी बादली दोन्ही हातांनी धरून हलवा. बारा साच्यांना चार किलो बर्फ आणि सव्वा किलोच्या वर मीठ लागतं. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो, हे लक्षात असू द्या. बाजारातून लादी आणताना खाण्याचाच मागा. हात थेट या मिश्रणात घालू नका, कातडी पोळल्यासारखी होते. आणि उरलेलं खारं पाणी कुंड्यांत ओतू नका, झाडं मरतात.

साच्याचं तोंड घट्ट मळलेल्या कणकेने बंद करणं यात सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या 'कुलूप' शब्दाचं आणि 'कुल्फी'चं मूळ एकच आहे. अरबीतल्या कुफ्लचं फारसीत कुल्फ झालं, आणि झाकणाने बंद होणाऱ्या पेल्याला कुल्फी म्हणू लागले. पुढे आतल्या पदार्थालाच ते नाव पडलं. गार करण्याची विद्याही मुघल काळापासूनची. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा क्षार, वापरून पाणी गार करण्याची रीत दिली आहे आणि डोंगरांतून लाहोरला येणाऱ्या बर्फाचीही नोंद आहे. ते कुलूप म्हणजे आपल्या घरात कणकेचा गोळा. माझ्या पहिल्या मोठ्या कामाला, तीनशे कुल्फ्यांच्या, मी घाईत कणीक सैल मळली. बादलीतलं खारं पाणी चाळीसेक साच्यांत शिरलं. पंगत बसली होती आणि मी एकेक साचा उघडून चाखत होते. त्या दिवसानंतर प्रत्येक साचा मी स्वतः बंद करते, आजही.

पॉटबद्दल. पॉट काढाच, पण त्यात कुल्फी होणार नाही. दांडा फिरतो तशी आत हवा जाते आणि जे होतं ते पॉटचं आइस्क्रीम, थोडं रवाळ, मऊ. त्याची गोडी वेगळी आणि मला ती फार प्रिय आहे. पॉट हलू नये म्हणून वर पोतं टाकून घरातल्या सगळ्यात लहान मुलाला बसवायचं आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना विकतचं आइस्क्रीम कधी तसं लागत नाही. त्यासाठी दूध इतकं आटवू नका, लिटरचं पाऊण लिटर पुरे. वीस माणसांच्या दिवशी ते मुलांचं काम म्हणून ठेवा, आणि पॉटची लाकडी बादली कुल्फीचे साचे गोठवायला वापरा.

हापूस. आंब्याच्या रसात शंभराला ऐंशीच्या वर भाग पाणी असतं. इतकं आटवून पाणी काढलेल्या दुधात कच्चा रस ओतला की ते सगळं परत आलं. घरची आंबा कुल्फी खडेदार होण्याचं कारण हेच. रस जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तिसरा हिस्सा कमी होईपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. दूधही फ्रीजमधलं गार असू द्या. दोन्ही गार असतील तर आंब्याच्या आंबटपणाने दूध फाटत नाही. एक लिटरच्या आटवलेल्या दुधाला आटवलेला रस २०० ग्रॅम, आणि साखर ७५ ऐवजी ५५-६० ग्रॅम. डब्यातला रस असेल तर त्यात बहुधा साखर असते, चाखून ठरवा. वेलची घालू नका. हापूसला तिची गरज नाही.

दुसरा एक सुंदर प्रकार जुन्या दिल्लीत, सीताराम बाजारच्या भागात मिळतो. अख्ख्या आंब्याचं देठाकडचं झाकण कापून, कोय पिळून बाहेर काढून, पोकळीत कुल्फीचं मिश्रण भरून तो तसाच गोठवतात आणि साल काढून चकत्या कापतात. घरी जमण्यासारखं आहे. आंबा पिकलेला पण टणक हवा. फ्रीजरमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, नाहीतर आंब्याचा गर दाताला लागतो.

सीताफळाची करायची झाली तर उलट नियम: गर कधीही तापवू नका, कडवट होतो. बिया हाताने काढा, मिक्सरमध्ये बी फुटली तर सगळं वाया. गार दुधात गार गर अलगद मिसळा. अननस मात्र शिजवल्याशिवाय दुधात घालू नये, कच्च्या अननसाने दूध कडू होतं.

सासूबाईंसाठी. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या किंवा पावडर घातली तर गोडी येते, पण गोठणबिंदू खाली नेण्याचं साखरेचं काम होत नाही, आणि कुल्फी दगडासारखी होते. शिवाय वरची साखर काढली तरी आटवलेल्या दुधात दुधाची स्वतःची साखर राहतेच, आणि दाट होऊन. त्यामुळे 'बिनसाखरेची' या नावाने निर्धास्त होऊ नये. मी अशा वेळी लिटरला ३५-४० ग्रॅम साखर घालते, ३० मि.ली.चा छोटा साचा भरते, पिस्ते-बदाम जास्त घालते आणि पंधरा मिनिटं बाहेर ठेवून पातळ काप करून देते. किती खायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

वेळ फारच कमी असेल तर खवा आहे. लिटरभर दूध ६०० ग्रॅमवर आणायचं, १०० ग्रॅम ताजा खवा कोमट दुधात कुस्करून, गाळून घालायचा, साखर ९० ग्रॅम. आटवलेल्या दुधाची खोली त्याला येत नाही, पण फसत नाही. खवा ओळखीच्या दुकानातला आणि त्याच दिवशीचा घ्या. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथे म्हशीचं दूध नाही, म्हणून ती एव्हॅपोरेटेड मिल्कचा, म्हणजे बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाचा, ३५४ मि.ली.चा एक डबा, अर्धा कप हेवी क्रीम आणि ७५ ग्रॅम साखर मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवते. मी तिच्याकडे खाल्ली आहे, चांगली होते.

तुमचं रविवारी दुपारी जेवण धरलं, तर शुक्रवारी संध्याकाळी दूध आटवा, रात्रभर फ्रीजमध्ये. शनिवारी सकाळी साचे भरा. तीन लिटरचे ६० मि.ली.चे तेवीस-चोवीस साचे होतील. आंब्याची करणार असाल तर त्यातलं एक लिटर वेगळं काढा. फार आधी करून ठेवू नका, दहा-बारा दिवसांत संपेल अशीच करा.

वाढताना साचे सगळे एकदम बाहेर काढू नका, सहा-सहा काढा. साध्या नळाच्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवा, दोन्ही तळव्यांत फिरवा, झाकण काढून ताटलीत उपडा करा. गरम पाण्यात घालू नका, बाहेरून ओघळते आणि आतून कडक राहते. फालुदा हवा असेल तर शेवया आणि सब्जा आधीच भिजवून अगदी गार ठेवा, आणि गुलाबाचं सरबत चमचाभरच. कुणाच्या ताटलीत अर्धवट पाघळून राहिली तर ती पुन्हा फ्रीजरमध्ये ढकलू नका. सगळी एका भांड्यात गोळा करून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी उंच ग्लासात गार दूध ओतून मस्तानीसारखी प्या.